नडगीवर ठेवलेला अंगठा

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शेजारच्या विंगमध्ये. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या आम्ही दहा-बारा जणी. वाण घेऊन उठायची वेळ आली आणि मला उठताच येईना. पायाला मुंग्या आल्या नव्हत्या, गुडघेही दुखत नव्हते. मांड्यांत जोरच नव्हता. एक हात जमिनीला आणि दुसरा सोफ्याच्या कडेला टेकवून अर्धी उठले आणि परत खाली बसले. शेवटी दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. मी तेव्हा ४३ वर्षांची होते. घरी आले, बाथरूमचं दार लावलं आणि रडले.

दुखणं त्याआधी दीड वर्षापासून होतं. नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. कंबर धरायची, ते खुर्चीमुळे असेल असं वाटायचं. नडग्या ठणकायच्या, तो दिवसभराचा शीण म्हणून सोडून द्यायचे. कुशीवर झोपलं की बरगड्या दुखायला लागल्या तेव्हा आम्ही गादी बदलली. हाडांच्या आतून येणारी मंद ठसठस होती ती, बोट ठेवून दाखवता न येणारी. डॉक्टर विचारायचे, "नक्की कुठे दुखतं?" मी म्हणायचे, "सगळीकडे." त्या एका शब्दानंतर समोरच्याची नजर कशी बदलते हे मला पाठ झालं होतं.

पहिल्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि तिच्याबरोबर ॲसिडिटीची गोळी दिली. दुसऱ्यांनी कमरेचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही, पट्टा बांधायला सांगितला. तिसऱ्यांनी मात्र पेन खाली ठेवून समजुतीच्या सुरात सांगितलं की पाळी जायची वेळ जवळ आली की बायकांचं असं होतं, फार विचार करू नका, मन कशात तरी रमवा. ते वाईट हेतूने बोलले नाहीत हे मला कळत होतं. पण त्यानंतर जवळजवळ पाच महिने मी कुणाकडेच गेले नाही. आपलं दुखणं मनाचं आहे असं एकदा कुणी सांगितलं की माणूस ते लपवायला लागतं. मी आठवड्यातून तीन-चार दिवस दुखण्याची गोळी घेत होते आणि नवऱ्यालाही सांगत नव्हते.

हळदीकुंकवाच्या त्या प्रसंगानंतर नवऱ्यानेच एका फिजिशियन मॅडमची वेळ घेतली. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि मला पलंगावर पाय लांब करून बसवलं. नडगीच्या हाडावर, पुढून जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं तिथे, अंगठा ठेवून दाबला. फार जोरात नाही. मी किंचाळले. मग छातीच्या मधल्या हाडावर दाबलं. तिथेही तेच. मग म्हणाल्या, "आता खाली उकिडवं बसा आणि हात न टेकता उठा बघू." मला जमलं नाही. जिना चढताना कठडा धरावा लागतो का, केस विंचरताना हात वर धरवतो का, दूध किती घेता, मासे-अंडी खाता का, ऑफिसात कुठे बसता, गाडीवरून जाताना अंगावर काय असतं, असं सगळं त्या विचारत गेल्या. शेवटचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता.

मी एका खाजगी फर्ममध्ये हिशेबाचं काम करते. ऑफिस तळघरात आहे, दिवसभर ट्यूबलाइट. सकाळी साडेआठला दुचाकीवर निघते तेव्हा पुण्यातल्या बहुतेक बायकांसारखीच डोक्यापासून बोटांपर्यंत झाकलेली असते: तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट, हातात मोजे. धूळ, धूर आणि ऊन, तिन्हींपासून वाचायचं म्हणून. त्यातलं ऊन टाळायची सवय त्याहून जुनी आहे. "उन्हात फिरू नकोस, काळवंडशील" हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलेय. घरी शुद्ध शाकाहार. ॲसिडिटीमुळे दूध सोडून सहा-सात वर्षं झालेली.

रक्त तपासणीचे साधारण साडेतीन हजार रुपये झाले. रिपोर्ट असे आले: ड जीवनसत्त्व ६.८. मॅडम २०च्या खाली कमतरता धरतात. कॅल्शियम खालच्या हद्दीला टेकलेलं, फॉस्फरस हद्दीच्याही खाली. अल्कलाइन फॉस्फटेज, हाडांशी संबंधित एक विकर, वाढलेलं. आणि पॅराथायरॉइड हार्मोन, जे ६५च्या आत हवं, ते ११८. संधिवाताच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, किडनी-लिव्हर ठीक होतं.

मॅडमनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. आतड्याने अन्नातून कॅल्शियम उचलायचं तर ड जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर खाल्लेल्यापैकी फार थोडं कॅल्शियम रक्तात येतं. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की मानेतल्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी खडबडून जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतात. त्याच वेळी मूत्रपिंडातून फॉस्फरस बाहेर टाकला जातो. "हाड रोज थोडं झिजतं, थोडं नवं भरतं," त्या म्हणाल्या. "नवा साचा शरीर तयार करतंय, पण त्यात चुना भरायला माल नाही. साचा मऊच राहतो. हाडावरच्या पातळ आवरणाला भरपूर नसा असतात. आतून मऊ हाड फुगून त्या आवरणावर ताण आला की ते दुखतं. म्हणून तर मी नडगी दाबली." या अवस्थेला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. लहान मुलांत हाच प्रकार झाला की त्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात, तो शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता. म्हातारपणी हाडं विरळ होऊन मोडतात तो आजार वेगळा, तो मोडेपर्यंत बहुधा दुखत नाही. माझ्या मांड्यांतला जोर गेला होता तोही यातूनच. या कमतरतेत खांद्याजवळचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू आधी दुबळे होतात.

ते ऐकताना मला काय वाटलं हे नीट सांगायला हवं. आजार निघाल्याचं दुःख झालं नाही. दीड वर्षानंतर कुणीतरी माझ्या दुखण्याला हात लावला होता आणि ते तिथे सापडलं होतं.

उपचार साधा दिसत होता. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून रविवारी दुपारी वरण-भात-तूप जेवले की कपभर दुधात पुडी. रोज कॅल्शियमची गोळी, आणि दूध-दही परत सुरू. मी पहिल्या रविवारची वाट परीक्षेच्या निकालासारखी बघितली. दुसऱ्या रविवारी काही फरक नाही. तिसऱ्यालाही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी मॅडमना फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत होता. त्या म्हणाल्या, "रक्तातला आकडा लवकर चढेल. हाडात चुना भरायला महिने लागतात. घाई करू नका आणि पुडीही वाढवू नका."

सहाव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री कूस बदलताना जाग आली नव्हती. इतकंच. नंतर नडग्यांची ठसठस दिवसातून काही तास नाहीशी व्हायला लागली. तिसऱ्या महिन्यात भाजी निवडायला खाली बसले आणि फोन वाजला म्हणून उठले. फोन घेतल्यावर कळलं की आपण हात टेकला नव्हता. पलीकडे आई होती. मी तिला काही सांगू शकले नाही, नुसती "थांब, थांब" म्हणत राहिले. तीन महिन्यांनी आकडा ३४ होता, पण पॅराथायरॉइड आणि अल्कलाइन फॉस्फटेज जागेवर यायला आठ महिने लागले.

दरम्यान ऊन. मला वाटायचं मी रोज ऊन घेते, कारण वर्षानुवर्षं पहाटे साडेसहाला टेकडीवर जाते. कोवळं ऊन अंगाला चांगलं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मॅडमनी ते खोडून काढलं. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण अतिनील ब गटातले. सूर्य क्षितिजाजवळ असताना उन्हाला हवेच्या फार जाड थरातून तिरपं यावं लागतं आणि ते किरण वाटेतच गळतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी दोन-तीनपर्यंतचं. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. आम्ही बाल्कनी बंद करून सरकत्या काचा लावल्या होत्या आणि मी कमरेला शेक मिळावा म्हणून तिथेच खुर्ची टाकून बसायचे. ऊब मिळत होती, दुसरं काही नाही. पहाटेचा फेरफटका मी सोडलेला नाही, तो स्नायूंसाठी आणि मनासाठी हवाच. पण उन्हाचा हिशेब मी आता वेगळा धरते.

हिशेब धरला तरी ऊन मिळवायचं कुठे? आमच्या सोसायटीची गच्ची कुलूपबंद. माझ्या लहानपणी नाशिकला एप्रिल-मे म्हणजे गच्चीवर वाळवण: कुरडया, सांडगे, पापड, आणि राखणीला आम्ही मुली बाराच्या उन्हात. तेव्हा कुणाच्या बायका-मुलींना ऊन मिळतं का हा प्रश्नच नव्हता. मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. आता रविवारी साडेदहा ते एक गच्ची उघडी असते, किल्ली वॉचमन काकांकडे. एरवी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी-तिघी डबा घेऊन ऑफिसच्या मागच्या पायऱ्यांवर बसतो, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. पंधरा-वीस मिनिटं, कातडी भाजेपर्यंत नाही.

माहेर नाशिकचं म्हणून पुढची गोष्ट मला फार लागली. वाचता वाचता कळलं की १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन नावाच्या डॉक्टरने याच आजाराचा अभ्यास केला होता, आणि तो नाशिक शहरात. पडद्यात, बंद घरांत राहणाऱ्या खात्यापित्या घरच्या बायका-मुलांत त्याला मऊ हाडं आणि मुडदूस दिसला. शेतात राबणाऱ्या गरिबांचं खाणं निकृष्ट, पण त्यांची हाडं ठीक. त्याने बोट ठेवलं ते उन्हाच्या आणि मोकळ्या हालचालीच्या अभावावर. ड जीवनसत्त्वाला हे नावसुद्धा त्याच सुमारास, १९२२मध्ये, अमेरिकेत एल्मर मॅकॉलमने दिलं. जुन्या नाशकातल्या वाड्यांची माजघरं मी पाहिली आहेत. दुपारी बारालाही तिथे दिवा लागायचा. त्या बायकांना "अंग दुखतंय" म्हटल्यावर कोण काय म्हणालं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

इथवर वाचून पुडीने सगळं बरं होतं असं वाटेल, म्हणून पुढचं लिहिणं जास्त गरजेचं आहे.

मला बरं वाटलं तसं मी ते सगळ्यांना सांगत सुटले. सगळ्यात आधी ताईला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नाशिकलाच असते, आणि तिचं अंग माझ्याही आधीपासून दुखतंय: मान, खांदे, पाठ, गुडघे, वर झोप नाही. मी तिच्या मागे लागून तपासणी करून घेतली. आकडा १७. मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. आपल्याला उत्तर सापडलंय असं वाटलं. तिने आठ पुड्या घेतल्या, मग महिन्याला एक. आकडा ४१वर गेला. तिचं दुखणं जिथल्या तिथे.

घरातले तिला म्हणायला लागले, "अगं, धाकटीला बरं वाटलं, मग तुला का नाही?" एकदा फोनवर मीही म्हटलं, "नीट घेतेस ना तू पुडी?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुला कुणी विश्वास ठेवला नाही की कसं वाटायचं ते तूच सांगितलं होतंस मला." मला उत्तर देता आलं नाही.

तिचा रिपोर्ट घेऊन मी मॅडमकडे गेले. तिचं कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड, अल्कलाइन फॉस्फटेज, सगळं आधीपासून ठीक होतं. नडगी दाबली तर हाड दुखत नव्हतं, उकिडवं बसून ती उठत होती. म्हणजे ड कमी होतं, पण हाड मऊ झालेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, आपल्या शहरांत इतक्या जणांचं ड कमी निघतं की दुखणाऱ्या माणसाचं तपासलं तर ते कमी सापडण्याचीच शक्यता जास्त. दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. कधी उलटंही असतं. ज्याचं अंग दुखतं तो घराबाहेर पडत नाही, म्हणून ड उतरतं.

मग मी नेटाने वाचलं. २००३मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये, कारण न सापडणाऱ्या हाडा-स्नायूंच्या दुखण्याचे १५० रुग्ण तपासले तर त्यातल्या ९३ टक्क्यांचं ड कमी निघालं. हा आकडा मोबाइलवर फिरतो, मलाही आला होता आणि मी तो ताईला पाठवला होता. त्या अभ्यासात दुखत नसलेल्यांचा गट तुलनेला नव्हता, हे कुणी सांगत नाही. २०१५मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेने, जुनाट दुखण्यावर ड देऊन पाहिलेल्या दहा चाचण्या, एकूण ८११ माणसं, एकत्र तपासल्या. दुखणं कमी होतं असं ठामपणे म्हणण्याजोगं त्यात काही सापडलं नाही. अमेरिकेतल्या व्हायटल या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिट घेऊनही गुडघेदुखीवर फरक पडला नाही. हे वाचून माझं दुखणं खोटं ठरत नाही. माझी हाडं मऊ होती, ती भरली आणि त्यांचं दुखणं थांबलं. ताईच्या दुखण्याचं मूळ दुसरीकडे होतं. तिला नंतर संधिवात-तज्ज्ञांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आणि झोप बिघडवणारा जुनाट आजार, असल्याचं सांगितलं.

आणि माझंही सगळं गेलेलं नाही. नडग्या, बरगड्या, मांड्या मोकळ्या झाल्या, पण मान आणि खांद्यांच्या मधली कळ राहिली. सातव्या महिन्यात मला वाटलं, अजून थोडं ड घेतलं तर हेही जाईल. औषधाच्या दुकानात पुडी चिठ्ठीशिवाय मिळते. ओळखीतल्या एकीने सहा लाख युनिटच्या इंजेक्शनचा सल्ला दिला, "एकदाच टोचायचं, वर्षभर बघायला नको." मॅडमनी मला बसवून ऑस्ट्रेलियातल्या चाचणीबद्दल सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, हाडं मोडू नयेत म्हणून. २०१०मध्ये निकाल आला तो असा की त्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली.

माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाईंच्या सासूबाईंना आठवड्याची पुडी द्यायची होती. घरातल्या कुणीतरी ती रोजची समजून दीड महिना दिली. उलट्या, सारखी तहान, बरळणं. दवाखान्यात कॅल्शियम १३च्या वर निघालं, आणि किडनीला धक्का बसला तो पूर्ण सावरला नाही. जास्तीचं ब किंवा क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं, तसं ड चरबीत साठून राहतं. दुधाच्या कपात घालायची गोड पुडी म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पुडीवर "रविवार" असं ठळक लिहून ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

मानेचं दुखणं मी आता फिजिओथेरपिस्टकडे सोपवलंय. दीड-दोन वर्षं सतत दुखत राहिलं की मज्जातंतू दुखण्याला सरावतात, साध्या ताणालाही कळ म्हणून कळवतात, असं त्या सांगतात. खांद्याचे व्यायाम, ऑफिसात दर पाऊण तासाला उठणं, झोपेची ठरलेली वेळ. याला पुडीसारखा आकडा नसतो, चढला-उतरला असं बघता येत नाही. काही आठवडे चांगले जातात. गेल्या महिन्यातला एक अजिबात गेला नाही. ताईही तिच्याकडे हेच करते आहे, आणि आम्ही रात्री फोनवर एकमेकींना दिवस कसा गेला ते सांगतो. मी आता सल्ला देत नाही. विचारलं तरच.

मागच्या महिन्यात आई नाशिकहून राहायला आली. ती ७१ वर्षांची आहे. रविवारी गच्चीवर आम्ही चटई टाकून बसलो होतो आणि ती उठताना कठड्याला धरत होती. विचारलं तर म्हणाली, "अगं, बायकांचं अंग दुखायचंच, त्यात काय सांगायचं?" घरी आल्यावर तिला दिवाणावर पाय लांब करून बसवलं, लुगडं जरा वर सारलं आणि नडगीवर अंगठा ठेवून हलकेच दाबला. तिने पाय झटकन मागे ओढला आणि माझ्याकडे बघत राहिली. "किती दिवस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू विचारलंस का कधी?"

गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. मॅडमना सांगून ठेवलंय की ती दुखतंय असं आपणहून म्हणणार नाही.